मुलींच्या वसतिगृहातली वाईन

लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या संचालकांनी एका दुपारी मला फोन केला. नमस्कार नाही, ख्यालीखुशाली नाही. "रहीमभाई, आमच्या मुलींच्या वसतिगृहात तुम्ही वाईन ठेवली, हे खरं आहे का?"

मी म्हणालो, "हो, सर."

हे कलशेट्टी सर म्हणजे कपाळावर भस्माचे पट्टे ओढल्याशिवाय घराबाहेर पाऊल न टाकणारे गृहस्थ. चहाही दिवसातून एकदाच, तोही अर्धा. खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कुठे ठेवली?"

"रेक्टरबाईंच्या मशीनमध्ये, सर."

"शिलाई मशीनमध्ये?"

एवढा किस्सा मी लग्नकार्यात, मित्रांच्या बैठकीत पुष्कळदा सांगितला आहे. लोक पोट धरून हसतात आणि मी तिथंच थांबतो. पुढचं कधी सांगितलं नाही, कारण पुढे हसण्यासारखं काही नाही आणि त्यात माझी बाजूही चांगली दिसत नाही. आता दुकान बंद करून नांदेडला परत आलो आहे, हातात वेळ आहे. तेव्हा लिहूनच टाकतो.

आमच्या वडिलांचं नांदेडला रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी त्यातच वाढलो, पण मला कॉम्प्युटरचा नाद लागला. भूकंप झाला त्या वर्षी लातूरकडे मदतकार्याच्या कचेऱ्याच कचेऱ्या उभ्या राहिल्या. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलं आणि टेबलांवर नवे कोरे कॉम्प्युटर. कुणाचं घर गेलं, घरात किती माणसं होती, नव्या गावात कुणाला कितवा प्लॉट, या सगळ्या याद्या त्यात भरायच्या. पत्रा तापला की मशीनं बंद पडायची. ती चालू करणारा माणूस हवा म्हणून मला तीन महिन्यांसाठी बोलावणं आलं. ते तीन महिने वीस-बावीस वर्षं चालले.

कचेऱ्या उठल्या, पण तोवर लातुरात दुसरंच वारं आलं होतं. बोर्डाच्या निकालात लातूरचं नाव वर येऊ लागलं, मग मेडिकलच्या, इंजिनीअरिंगच्या प्रवेशांत. नांदेडहून, परभणीहून, कुठून कुठून पोरं-पोरी ट्रंका घेऊन एसटीतून उतरायला लागली. गल्लीगल्लीत क्लास, क्लासच्या वर वसतिगृह, वसतिगृहाच्या खाली मेस. प्रत्येक क्लासला कॉम्प्युटर रूम हवी होती. माझं दुकान त्यावर चाललं. कलशेट्टी सरांच्या तिन्ही शाखांतली सगळी मशीनं माझ्याकडे होती. त्या एका कामावर माझं घर निभत होतं, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात असू द्या.

सरांची एकच तक्रार असायची. पोरं सराव परीक्षेच्या नावाखाली कॉम्प्युटर रूममध्ये बसतात आणि गेम खेळतात. आज एक गेम काढला की उद्या दुसरा. सोबत व्हायरस. मी त्यांना उपाय सुचवला. "सर, विंडोज काढून टाकू, लिनक्स टाकू. व्हायरसची कटकट जवळजवळ संपते, आणि हे सगळे गेम विंडोजसाठीच बनवलेले असतात. लिनक्सवर ते उघडतच नाहीत."

"उघडतच नाहीत?"

"कितीही डोकं आपटलं तरी नाही."

सर इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी स्वतःचा अर्धा चहाही मला पाजला.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांना थोडं सांगतो. कॉम्प्युटरचं यंत्र म्हणजे नुसती जमीन. त्यावर कारभार चालवणारी एक व्यवस्था लागते. विंडोज ही एक, लिनक्स ही दुसरी. खेळ बनवणाऱ्यानं तो विंडोजच्या भाषेत लिहिलेला असतो. चित्र दाखवायचं, आवाज काढायचा, माऊस कुठं आहे ते पाहायचं, दर गोष्टीसाठी तो कारभाऱ्याला विंडोजच्या भाषेत अर्ज करतो. लिनक्सला ती भाषा येत नाही. म्हणून खेळ बंद.

आता वाईन. वाईन हा एक प्रोग्रॅम आहे, फुकट मिळतो. तो दोघांच्या मध्ये बसतो. माझे आजोबा निजामाच्या काळात बिलोलीच्या कचेरीबाहेर चटई टाकून बसायचे. कारभार उर्दूत, शेतकरी मराठी बोलणारा. शेतकऱ्यानं आपलं गाऱ्हाणं मराठीत सांगायचं, आजोबांनी ते उर्दूत लिहून द्यायचं. आतल्या साहेबाला वाटायचं, माणूस आपल्याच भाषेत बोलतोय. वाईनचं काम नेमकं हेच. खेळाला कळतही नाही की आपण परक्या कचेरीत आलोय. माझे आजोबा अर्ज बिनचूक लिहायचे. मी सांगतोय त्या वेळची वाईन मात्र चुका फार करायची.

हे मला माहीत होतं आणि तरी मी सरांना "उघडतच नाहीत" असं ठोकून दिलं होतं. मला वाटलं, इतक्या भानगडीत कोण पडणार?

तीन दिवसांत सगळी मशीनं मी लिनक्सवर नेली. आमच्या धंद्याचा एक नियम आहे. कुणाचंही मशीन पुसण्याआधी त्याची अख्खी डिस्क दुसरीकडे उतरवून घ्यायची. त्या वेळी मी तो पाळला होता.

चौथ्या दिवशी मुलींच्या वसतिगृहातून रेक्टरबाईंचा निरोप आला. सुंदरबाई त्यांचं नाव. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. मुली त्यांना मावशी म्हणायच्या आणि चळाचळा कापायच्या. त्यांच्या खोलीत मुलींची हजेरी आणि सुट्टीचे अर्ज ठेवायला एक मशीन दिलेलं होतं. मी गेलो तर त्या मशीनसमोर उभ्या, कमरेवर हात ठेवून.

"रहीमभाऊ, माझं गाव कुठं गेलं?"

मला वाटलं, 'गाव' नावाचं एखादं फोल्डर असेल. "कशात होतं?"

"ह्याच्यातच होतं की. खेळात."

ऐकून मला हसू आलं. सगळी कॉम्प्युटर रूम पोरांच्या नादापायी बदलली आणि गेम खेळत होत्या रेक्टरबाई! पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून हसू आवरलं.

आदल्या वर्षी रेणापूरची एक मुलगी परीक्षा देऊन जाताना एक सीडी मागे ठेवून गेली होती. शहर वसवायचा खेळ. रिकामी जमीन मिळते, तिच्यावर तुम्ही रस्ते काढायचे, घरं, दवाखाने, पाण्याच्या टाक्या उभ्या करायच्या. जाण्याआधी त्या मुलीनं मावशींना माऊस धरायला शिकवलं होतं. सुंदरबाई औसा तालुक्यातल्या, तेरणेच्या काठच्या गावच्या. भूकंपात ते गाव पुरतं बसलं. त्यांच्या घरातली चार माणसं गेली. सरकारनं दोन कोसांवर नवं गाव बांधून दिलं. रुंद रस्ते, एकासारखी एक घरं, भिंतीवर नंबर.

"नव्या गावात मला आपलं घर सापडत न्हाई," त्या म्हणाल्या. "नंबर वाचावा लागतो. म्हणून हितं नोकरी धरली. अन् दुपारी पोरी क्लासला गेल्या की जुनं गाव करत बसले होते. एक वरीस झालं."

मी दुकानातून माझ्याकडची नक्कल आणली, विंडोज असलेल्या दुसऱ्या मशीनवर उघडली. आणि पाहतच राहिलो. हे खेळ चौकोनांचे असतात. रस्ता काढला की तो सरळच जाणार. पण सुंदरबाईंनी एकेक चौकोन मोडून, पायरी पायरीनं वाकडे बोळ काढले होते. एक बोळ तर स्वतःभोवतीच वळून बंद झाला होता.

"इथं चूक झाली वाटतं," मी म्हणालो.

"चूक न्हाई. तो बोळ तसाच होता. कुंभाराच्या दारात संपायचा."

खेळात देऊळ मिळत नाही. म्हणून मारुतीच्या जागी अग्निशामक केंद्र. शाळेच्या जागी शाळा. महादेवाच्या जागी ग्रंथालय, कारण त्याला पायऱ्या होत्या.

या खेळांत संकटांची एक पट्टी असते. पूर, आग, वादळ, भूकंप, एकेकाचं छोटं चित्र. दाबलं की ते शहरावर कोसळतं. पोरांना त्याचीच मजा. मी घाईघाईनं म्हणालो, "हे खालचं चित्र कधी दाबू नका."

"दाबलंय मी एकदा," सुंदरबाई शांतपणे म्हणाल्या. "खोटं हाय. तसा आवाज येत न्हाई."

मी त्यांना शब्द दिला, गाव परत आणून देतो.

दोन आठवडे गेले. मी रोज दुपारी जायचो. पहिल्यांदा नुसता काळा पडदा. मग पडदा उजळला, पण गवत निळं आणि नदी तांबडी. ते सुधारलं तर माऊस कोपऱ्यात अडकून बसला. एके दिवशी सगळं नीट उघडलं. नदी, रस्ते, वाकडे बोळ, झाडं. फक्त घरं दिसत नव्हती. एकही नाही. बोळांच्या मध्ये रिकामे चौकोन.

सुंदरबाई माझ्या मागे उभ्या होत्या. माठातलं पाणी आणते म्हणून बाहेर गेल्या आणि मी निघेपर्यंत परत आल्या नाहीत.

ते कोडं मी सोडवलं, आणि आजही मला त्याचा अभिमान आहे. इंटरनेटवर जगभरचे लोक अशा अडचणी एकमेकांना विचारतात. परदेशातल्या कुणा अनोळखी माणसानं, दुसऱ्याच खेळासाठी, सेटिंगमधली एक ओळ बदलायला सांगितली होती. ती मी इथं बदलून पाहिली. घरं उभी राहिली. आवाज मात्र शेवटपर्यंत आला नाही. "नसू दे," बाई म्हणाल्या, "गाडीचे हॉर्न होते नुसते. आमच्या गावात गाडी कुठं होती?"

कलशेट्टी सरांना मी हे सांगितलं नाही. बोलायचं राहिलं असं नव्हे, मुद्दाम सांगितलं नाही. 'कितीही डोकं आपटलं तरी नाही' असं म्हणणारा माणूस दोन आठवडे डोकं आपटून तेच करून बसला, हे कोणत्या तोंडानं सांगणार?

त्यानंतरचे काही महिने फार चांगले गेले. वसतिगृहात रविवारी पालकांना भेटायची मुभा असे. सुंदरबाईंच्या गावचे महादप्पा गुरुजी, तिथल्या शाळेचे मास्तर, त्यांची मुलगी याच वसतिगृहात होती. एका रविवारी ते रजेचा अर्ज द्यायला खोलीत आले आणि पडद्यावर त्यांची नजर गेली. त्यांनी खुर्ची ओढली.

"सुंदराक्का, ही चावडी का?"

"हाव."

"मग चावडीम्होरं चिंच कशाला लावली? लिंब होता तिथं."

"चिंच होती, गुरुजी."

"लिंब! मी पोरांना त्याच्या सावलीत बसवून पाढे घेतलेत."

"तुम्ही पाढेच बघितले, झाड कुठं बघितलं?"

पुढच्या रविवारी गुरुजी साक्षीदार घेऊन आले. नबीसाब शिंपी, सत्तरीचे, लातूरला अस्तराचं कापड घ्यायच्या निमित्तानं आलेले. त्यांनी चष्मा पुसून गाव पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. झाडाचा निकाल राहिला बाजूला. म्हणाले, "बाई, अपना दर्गा किधर हाय?"

सुंदरबाईंनी जीभ चावली. "इसरलेच बघा, चाचा."

"मला वाटलंच. गुरुजीला बी आठवलं न्हाई."

खेळात दर्गाही मिळत नाही. तिघं आणि मी, चौघांनी मिळून सगळी यादी धुंडाळली. शेवटी पाण्याची गोल टाकी सापडली, घुमटासारखी दिसणारी. नबीसाबांनी ती गावाच्या उगवतीला, ओढ्याच्या अलीकडे ठेवून घेतली. "एक घर मागं सरकव. हां. आता बराबर."

मग दर रविवारी कुणी ना कुणी यायचं. गुरुजी आणि नबीसाब तर ठरलेलेच. माझं मशीन तपासायचं काम मी मुद्दाम रविवारवर नेलं. कोपऱ्यात बसून ऐकायचो. ते मेलेल्यांबद्दल बोलायचे नाहीत. कुणाच्या दाराला कोणता रंग होता, कुणाची म्हैस कुणाच्या ओट्यावर चढायची, पाण्याला कोण कोणत्या वाटेनं जायचं. त्या खोलीत इतकं हसू मी त्या गावच्या लोकांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये याच लोकांची नावं मी यादीत पाहिली होती.

मग मुखेडचे एक पालक आले. त्यांच्या मुलीला सराव परीक्षेत गुण कमी पडले होते. रेक्टरच्या खोलीत चारपाच माणसं कॉम्प्युटरवर गेम बघत खिदळताहेत, हे त्यांनी दारातून पाहिलं आणि थेट कलशेट्टी सरांना गाठलं. मुली रात्रंदिवस घासताहेत आणि वसतिगृहात गेम चालतात! सरांनी कॉम्प्युटर रूमच्या क्लार्कला विचारलं, लिनक्सवर गेम कसा चालला? तो म्हणाला, रहीमभाईंनी वाईन टाकली म्हणून.

गेम राहिला बाजूला, सरांच्या कानात 'वाईन' तेवढी राहिली. तिथून तो फोन.

वाईन म्हणजे काय हे फोनवर समजावल्यावर सर हसले नाहीत. "ताबडतोब या," म्हणाले. मी पोचलो तेव्हा ते सुंदरबाईंच्या खोलीत उभे होते. बाई भिंतीला टेकून. पडद्यावर गाव उघडं होतं.

"तुम्ही मला काय सांगितलं होतं, रहीमभाई?"

"चूक झाली, सर."

सर पडद्याकडे वळले. जरा वाकून पाहिलं. "कसला खेळ आहे हा?"

तो प्रश्न खरा होता. त्यात राग नव्हता, हे आज मला कळतं. त्या वेळी मला फक्त तिन्ही शाखांतलं काम हातातून निसटताना दिसत होतं. मी म्हणालो, "साधाच आहे, सर. पोरांचा."

सुंदरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नोकरी होती, त्या काय बोलणार? बोलायला हवं होतं मी.

"आत्ता पुसा," सर म्हणाले. "माझ्यासमोर. नव्यानं सगळं टाका."

"दहा मिनिटं द्या. बाईंची हजेरीची कागदपत्रं उतरवून घेतो."

अख्खी डिस्क उतरवायला दोन तास लागले असते. मी बाईंच्या नावाचं फोल्डर उघडलं, आतलं सगळं निवडलं, सीडीवर टाकलं. सर घड्याळ बघत होते. सुंदरबाई जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "घेतलं का नीट?"

"घेतलं."

मी मशीन पुसलं.

आठवड्यानं सवड काढून ती सीडी मी दुकानात लावली. हजेरी होती, सुट्टीचे अर्ज होते, स्नेहसंमेलनाचे फोटो होते. गाव नव्हतं. पुन्हा शोधलं, आणि मग एकदम ते टिंब आठवलं.

लिनक्समध्ये एक साधी सोय आहे. ज्या फोल्डरच्या नावाआधी टिंब असतं, ते दिसत नाही. कारभाराच्या आतल्या वस्तू उगीच कुणाच्या हाताला लागू नयेत म्हणून. वाईन आपला सगळा संसार अशाच एका टिंबाच्या फोल्डरमध्ये मांडते. खेळ त्यात, खेळातलं गावही त्यातच. 'सगळं निवडा' म्हटलं की दिसतं तेवढंच निवडलं जातं. दुकानात मी कॉम्प्युटरचे वर्ग घ्यायचो, त्यात हे शिकवलं आहे. फळ्यावर टिंब काढून शिकवलं आहे.

मी वसतिगृहात जाऊन दुसरं काम असल्याचं निमित्त केलं, ती डिस्क काढून आणली, त्यावर पुसलेलं काही सापडतं का पाहिलं. वर नवं सगळं लिहिलं गेलं होतं. दुकानातली पहिली नक्कल तर गाव चालू झाल्यावर मीच पुसून ती डिस्क दुसऱ्या कामाला लावली होती. काही सापडलं नाही.

महिनाभर मी सुंदरबाईंना टाळलं. निरोप आला की 'जुळवाजुळव चालू आहे' असं कळवायचं. शेवटी एका दुपारी गेलो. बाई व्हरांड्यात बसल्या होत्या. मुलींच्या घरून एसटीनं डबे यायचे, ते नावं वाचून रांगेत लावत होत्या. कपड्यात बांधलेले डबे, गाठीत खोचलेल्या चिठ्ठ्या.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. त्यांनी हातातला डबा रांगेत ठेवला. पुढचा उचलला, चिठ्ठी वाचली, तोही ठेवला.

"गेलं म्हणा की."

"गेलं."

"सगळं?"

"सगळं, बाई."

आणखी दोन डबे लागले. मग माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या बारीला, भूकंपात, मला कुणी विचारलं न्हाई, अन् मी बी कुणाला विचारलं न्हाई. ह्या बारीला मी तुम्हाला विचारलं होतं, रहीमभाऊ. घेतलं का नीट, म्हणून."

मी खाली बसून डबे लावायला लागलो. त्यांनी नको म्हटलं नाही, पण त्यानंतर त्यांचा निरोप कधी आला नाही.

वर्ष संपलं तशी त्यांनी नोकरी सोडली आणि नव्या गावी, पुतण्याच्या घरी राहायला गेल्या. त्यानंतर मी कलशेट्टी सरांकडे गेलो. काम राहील की जाईल याचा विचार तेव्हा मनात उरला नव्हता. तो खेळ काय होता, त्यात काय होतं, रविवारी कोण यायचं, सगळं सांगितलं. सर टेबलावरचा पेन उगीच इकडून तिकडे करत राहिले.

"भूकंपाच्या वेळी मी कॉलेजात होतो," ते म्हणाले. "आठ दिवस तिकडंच होतो. ढिगारे उपसायला." मग विचारलं, "त्या दिवशी का नाही बोललात?"

"वाटलं, तुम्ही ऐकणार नाही."

"मी विचारलं होतं. कसला खेळ आहे, म्हणून विचारलं होतं."

इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला पुष्कळ बोलून घेतलं आहे. शिव्याही खाल्ल्या आहेत. पण ते एक वाक्य अजून पुसलं जात नाही.

सरांनी कॉम्प्युटर रूममधलं एक मशीन मला काढून दिलं. ते घेऊन, लिनक्स, वाईन आणि जुन्या सीडीवरचा तोच खेळ टाकून, मी एका रविवारी बाईंच्या नव्या गावी गेलो. महादप्पा गुरुजींच्या पडवीत टेबल मांडलं. नबीसाब आले, पाचपंचवीस माणसं जमली. सुंदरबाईंना बोलावणं धाडलं. त्या आल्या, पण पडवीच्या पायरीवरच बसल्या.

"मी करणार न्हाई," त्यांनी सांगून टाकलं. "दोन बाऱ्या झालं. आता हात उठत न्हाई. तुम्ही करा."

गुरुजींनी माऊस धरला. त्यांना तो नीट धरता येईना. रिकाम्या हिरव्या जमिनीवर त्यांनी मोठ्या मुश्किलीनं वेशीपासून एक रस्ता ओढला. सरळच्या सरळ. मग बाजार मांडला. नबीसाब म्हणाले, बाजार वेशीबाहेर होता. गुरुजी म्हणाले, आत. तिसऱ्या कुणी सांगितलं, पाऊस असला की आत. सुंदरबाई पायरीवर बसून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

गुरुजींनी नदी काढली. गावाच्या उत्तरेला.

"अहो गुरुजी," पायरीवरून आवाज आला.

गुरुजींना ऐकू गेलं नाही. त्यांनी नदीवर पूलही टाकला.

"अहो, नदी तिकडं कशी हाय? सकाळच्याला पाण्याला जाताना ऊन डाव्या गालावर यायचं." कुणी हललं नाही. बाई उठल्या. "सरका की जरा तिकडं. सरका."

माणसांनी वाट दिली. गुरुजी खुर्चीवरून उठले. सुंदरबाई बसल्या, पदर खोचला, माऊसवर हात ठेवला. आणि थांबल्या. मान वळवून त्यांनी मला गर्दीतून शोधून काढलं. कितीतरी महिन्यांनी त्या माझ्याशी बोलत होत्या.

"आधी मला हे दाखवा, रहीमभाऊ. ह्या बारीला गाव कुठं ठेवताय?"

मी पुढे झालो. खेळ बाजूला केला, फोल्डर उघडलं, लपलेलं दाखवायची कळ दाबली. इतका वेळ रिकाम्या असलेल्या जागी फिकट रंगाची फोल्डरं उमटली. त्यातल्या एकावर बोट ठेवलं. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि नाव अक्षर अक्षर लावून वाचलं.

"ह्या एवढ्या टिंबानं?"

"एवढ्याच टिंबानं, बाई."

त्यांनी पडद्यावरच्या त्या टिंबाला बोट लावून पाहिलं. मग नक्कल करायला मी आणलेली कोरी सीडी माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "आता उतरवायचं कसं, ते शिकवा. मी करते. तुम्ही नुसतं सांगा."